खेचरावर काय, पाठीवर काय?

परीक्षांचा हंगाम संपत आला की मुंबई, पुणे, नाशिककडच्या अनेक घरांत व्हॉट्सॲपवर एक यादी येऊन पडते. हिमालयातल्या एखाद्या ट्रेकची नोंदणी केलेली असते आणि आयोजकांनी सोबत काय आणायचे ते कळवलेले असते. थर्मल, फ्लीस, पॅडेड जॅकेट, पोंचो, दोन जोड हातमोजे, गॉगल, हेडटॉर्च, घोट्यापर्यंतचे बूट. पुढचे दोन शनिवार-रविवार खरेदीत जातात. एकेका वस्तूपुढे बरोबरची खूण होते, सॅकची चेन कशीबशी लागते आणि तयारी झाली, असे सगळ्यांना वाटते.

या यादीत बहुधा काहीच चुकीचे नसते. मात्र एक महत्त्वाची गोष्ट तीत नसते, ती म्हणजे कोणती वस्तू कुठे ठेवायची. मार्गदर्शकासह केलेल्या बहुतेक ट्रेकमध्ये सामानाचे दोन भाग होतात. मोठी सॅक खेचरावर किंवा पोर्टरच्या पाठीवर जाते आणि ट्रेकरजवळ एक छोटी पिशवी उरते. सकाळी निघाल्यापासून संध्याकाळी तंबूत शिरेपर्यंत, म्हणजे ज्या वेळात हवा बिघडू शकते, पाय घसरू शकतो किंवा डोके दुखायला लागू शकते त्या सगळ्या वेळात, हाताशी असते ती फक्त ही छोटी पिशवी. तीत अनेकदा पाण्याची बाटली, चिक्की, सनस्क्रीन आणि मोबाइलची पॉवर बँक एवढेच असते. हजारो रुपयांचे जॅकेट दोन तास पुढे, पुढच्या मुक्कामी पोहोचलेले असते. सामान कसे भरायचे हा खरेदीइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे, तो इथे.

सह्याद्रीची सवय

महाराष्ट्रातला ट्रेकर काटक असतो. पावसाळ्यात राजमाची, हिवाळ्यात हरिश्चंद्रगड, उन्हाळ्यात रात्रीची चढाई हे त्याला नवे नाही. पण सह्याद्रीने लावलेल्या काही सवयी हिमालयात अंगाशी येतात. राज्यातले सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे. केदारकंठा किंवा हर की दूनच्या वाटेवरचे सांकरी गाव त्याहून उंचावर आहे. म्हणजे महाराष्ट्राची उंची जिथे संपते, त्याच्याही वरून तिथली चाल सुरू होते. सह्याद्रीत भिजणे ही मजा असते. गडावर चिंब व्हायचे, पायथ्याशी येऊन गरम भजी खायची आणि ओल्या कपड्यांत एसटीने घरी यायचे. सर्दी झाली तरी दोन दिवसांत बरी होते.

चार हजार मीटरवर हे गणित बदलते. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्के उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. अंगमेहनतीची कमाल क्षमता जवळपास पावपट घटते. त्यात वाऱ्याची भर पडते. तापमान शून्य अंश असताना ताशी 40 किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते उणे सात अंशांसारखे जाणवते. शरीर आधीच दमलेले असते आणि भूक मंदावल्याने पोटात फारसे काही गेलेले नसते. अशा शरीराला भिजल्यावर स्वतःला पुन्हा ऊब देणे अवघड जाते.

पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. ओला सुती टीशर्ट किंवा ओली जीन्स अंगावर असणे म्हणजे ऊब बाहेर काढणारे यंत्र अंगावर चढवण्यासारखे आहे. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि थंड हवेत लवकर वाळत नाही. लोकरीचे तसे नसते. ती दमट झाली तरी तिच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा काही प्रमाणात ऊब राखते. हे ज्ञान परदेशातून आलेले नाही. भर पावसात मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराच्या खांद्यावरची घोंगडी हेच सांगत आली आहे. हिमाचलातले गद्दी मेंढपाळही जाड लोकरीचाच अंगरखा घालतात.

म्हणूनच एका जाडजूड जॅकेटपेक्षा तीन-चार पातळ थर अधिक कामाचे. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा पॉलिएस्टरचा किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, मुक्कामासाठी पिसांचे किंवा कृत्रिम भरणाचे जॅकेट आणि सगळ्यांवर वारा-पाऊस अडवणारे आवरण. पिसांचे जॅकेट हलके आणि उबदार असते, पण भिजले की त्याचा फुगवटा जातो आणि त्यासोबत ऊबही जाते. म्हणून ते चालताना घालायचे नसते, थांबल्यावर घालायचे असते.

इथे एक चूक फार सर्रास होते. पहाटे थंडी वाजते म्हणून थर्मल, फ्लीस आणि जॅकेट असे सगळे चढवून लोक निघतात. अर्ध्या तासाच्या चढणीत आतून घामाने भिजतात, मग वाऱ्यावर थांबतात आणि कुडकुडतात. बाहेरून पावसाचा थेंबही न पडता माणूस चिंब झालेला असतो. निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत, हा जुन्याजाणत्या मार्गदर्शकांचा सल्ला शरीरशास्त्राला धरून आहे.

दोन तास पुढे गेलेले जॅकेट

जून 2024च्या सुरुवातीला उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर 22 जणांची एक तुकडी हिमवादळात अडकली. ट्रेकर बहुतांशी कर्नाटकातले होते, सोबत स्थानिक मार्गदर्शकही होते. त्यांतल्या नऊ जणांचा मृत्यू झाला. त्याआधी ऑक्टोबर 2014 मध्ये विशाखापट्टणमजवळ धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाचे अवशेष नेपाळपर्यंत पोहोचले आणि अन्नपूर्णा परिसरात, 5,416 मीटर उंच थोरोंग ला खिंडीच्या आसपास, झालेल्या हिमवृष्टीत आणि हिमस्खलनांत 40हून अधिक जण दगावले. अशा दुर्घटनांना एकच कारण नसते आणि केवळ सामान नीट असते तर सगळे वाचले असते, असे म्हणणे मृतांवर अन्याय करणारे ठरेल. एक गोष्ट मात्र त्यांतून दिसते. वादळ आले त्या क्षणी जे अंगावर आणि पाठीवर होते, त्याच्याच भरवशावर पुढचे तास काढावे लागतात. खेचर हाक मारून परत येत नाही.

शरीराचे आतले तापमान 35 अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. आधी हुडहुडी भरते, मग बोटे ऐकेनाशी होतात, जीभ अडखळते, पाय लटपटतात, चिडचिड होते. सर्वांत घातक म्हणजे निर्णयशक्ती मंदावते. अशा माणसाला आपले काही बिघडले आहे हेच कळत नाही. जॅकेटची चेन त्याला लावता येत नाही, सॅकच्या तळाशी गेलेला पोंचो शोधणे तर दूरच. म्हणून पिशवीत वस्तू असणे पुरेसे नाही, ती थंड बोटांनी दहा सेकंदांत निघाली पाहिजे. पोंचो सर्वांत वर, हातमोजे आणि कानटोपी बाजूच्या कप्प्यात, टॉर्च ठरलेल्या जागी. भरण्याचा क्रम हाही सुरक्षिततेचाच भाग आहे.

मग छोट्या पिशवीत काय असावे? पाऊस-वारा अडवणारे आवरण, अंगावरच्याशिवाय एक उबदार थर, कानटोपी, जलरोधक हातमोजे, कोरड्या पायमोज्यांचा एक जोड, हेडटॉर्च, गॉगल, किमान दोन लिटर पाणी, न शिजवता खाता येईल असे खाणे, स्वतःची औषधे आणि शिट्टी. हे सारे पाण्यासह पाच ते सहा किलोंत बसते. हेडटॉर्च दुपारच्या चालीत कशाला, असे वाटते. पण दुपारी चारला संपणारी चाल कुणाचा तरी घोटा मुरगळला की रात्री आठपर्यंत लांबते.

सॅकवर चढवायच्या पावसाळी कव्हरवरही फार विसंबू नये. पाठीच्या बाजूने आणि पट्ट्यांच्या शिवणीतून पाणी आत जातेच. सॅकच्या आत कचऱ्याची मोठी, जाड प्लास्टिक पिशवी अस्तरासारखी लावून तीत सगळे भरले तर काही रुपयांत काम होते. खेचरावरच्या सॅकलाही हाच नियम लागू आहे, कारण खेचर ओढ्यातून जाते आणि पावसात उभेही राहते. रात्री झोपताना घालायचा कपड्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत बंद ठेवावा आणि काहीही झाले तरी चालताना वापरू नये. दिवसभर भिजलेल्या माणसाला रात्री कोरडे होता आले पाहिजे.

बूट, डोळे आणि बोटे

नवे कोरे बूट घालून थेट बेस कॅम्पवर जाणे ही चूक आता बऱ्याच जणांना माहीत आहे. किमान तीन-चार आठवडे बूट वापरून पाय आणि बूट एकमेकांना सरावले पाहिजेत. याच्या उलट चूक मात्र फारशी ठाऊक नाही. पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेले, एक-दोनदाच वापरलेले, कपाटात जपून ठेवलेले महागडे बूट बाहेर काढले जातात आणि ट्रेकच्या दुसऱ्याच दिवशी तळवा सुटून लोंबू लागतो. अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो आणि हवेतील बाष्पाने तो हळूहळू विघटित होतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत हे अधिक वेगाने घडते. बूट न वापरल्याने टिकत नाहीत. निघण्यापूर्वी महिनाभर ते पायात घालून दगडधोंड्यांतून चालणे हीच त्यांची परीक्षा. सोबत थोडी चिकटपट्टी आणि सुतळी ठेवली तर अडीनडीला उपयोगी पडते.

गॉगल हा छायाचित्रांसाठी नसतो. उंचीबरोबर अतिनील किरणांची तीव्रता दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ त्यांतले 80 टक्क्यांपर्यंत किरण परावर्तित करतो. उन्हात काही तास बर्फावर उघड्या डोळ्यांनी चाललेल्या माणसाला त्या वेळी काहीच जाणवत नाही. संध्याकाळी किंवा रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊ लागते. यालाच हिमांधत्व म्हणतात. बहुधा दोन-तीन दिवसांत ते बरे होते, पण उंचावर दोन दिवस डोळे मिटून बसण्याची सोय नसते. ढगाळ हवेतही धोका टळत नाही. चष्मा लावणाऱ्यांनी नंबरचा गॉगल किंवा चष्म्यावर बसणारा गॉगल आणि एक जादा चष्मा सोबत ठेवावा. बर्फावरून परतलेले किरण खालूनही येतात, त्यामुळे सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावावे लागते.

औषधांचा बटवा

मार्गदर्शकाकडे प्रथमोपचाराची पेटी असते, प्राणवायूचा सिलिंडर असतो. पण कुणाच्या रक्तदाबाची गोळी, थायरॉइडची मात्रा किंवा दम्याचा पंप त्या पेटीत नसतो. स्वतःची रोजची औषधे ट्रेकच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवस जास्त पुरतील एवढी आणि छोट्या पिशवीतच हवीत. इन्सुलिन एकदा गोठले की निकामी होते. म्हणून ते दिवसा अंगालगतच्या खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगच्या आत ठेवावे लागते. कॉन्टॅक्ट लेन्सचे द्रावण आणि मोबाइलच्या बॅटऱ्या यांनाही तीच जागा द्यावी. महिलांनी पाळीची तारीख जवळ नसली तरी पॅड किंवा कप सोबत ठेवावा, कारण प्रवास, श्रम आणि उंची यांनी तारीख मागेपुढे होऊ शकते. वापरलेले पॅड खाली परत आणण्यासाठी बंद होणारी वेगळी पिशवीही लागते.

गरजेच्या गोष्टी अशा राहून जातात आणि बटव्यात भलत्याच गोष्टींना जागा मिळते. कापराची पुरचुंडी हे त्याचे ठळक उदाहरण. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्याचा भास होतो, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. शिवाय तो पोटात गेला तर विषारी असतो. प्राणवायूचे फवारणी डबेही हल्ली सर्रास मिळतात. त्यांतल्या लहान डब्यांत सहा ते दहा लिटर वायू असतो. मिनिटाला दोन लिटर या मंद गतीनेही तो तीन ते पाच मिनिटांत संपतो. जिथून खाली उतरायला काही तास लागतात, तिथे पाच मिनिटांचा दिलासा हा उपचार नव्हे. ब्रँडीचा घोट घेतल्यावर ऊब वाटते, कारण त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. प्रत्यक्षात त्याच वाटेने शरीराची उष्णता बाहेर जाते. कोविडच्या काळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटरही सॅकमध्ये जातात. पण गारठलेल्या बोटावर ते चुकीचा आकडा दाखवू शकतात. आकडा चांगला आला म्हणून डोकेदुखीकडे आणि उलटीकडे काणाडोळा करणे धोक्याचे आहे.

ॲसिटाझोलामाइडची, म्हणजे डायमॉक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळीची गोष्ट वेगळी आहे. विरळ हवेशी जुळवून घ्यायला ती खरोखरच मदत करते. मात्र ती कुणी, किती आणि कधी घ्यायची हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनी ठरवायचे असते. सल्फा गटातल्या औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी तर हा प्रश्न आवर्जून विचारावा. आणि गोळी घेतली म्हणजे लक्षणे असतानाही वर चढायचा परवाना मिळाला, असे होत नाही. फुफ्फुसात पाणी साचणे किंवा मेंदूला सूज येणे यांवर खाली उतरणे हाच पहिला उपचार आहे. तो कोणत्याही बटव्यात भरून नेता येत नाही.

वजन कुणाच्या पाठीवर?

यावर काही जण म्हणतील, मग सगळेच सोबत घ्यावे. तेही चुकीचे ठरेल. विरळ हवेत प्रत्येक किलोची किंमत श्वासांत मोजावी लागते. रोज नवा टीशर्ट, छायाचित्रांसाठी वेगळे जॅकेट, दोन जीन्स, टॉवेल, शाम्पूची बाटली यांतले काहीही जीव वाचवत नाही. थंड, कोरड्या हवेत पाच-सहा दिवसांच्या ट्रेकला चालण्याचे दोन जोड आणि झोपण्याचा एक जोड पुरतो. जे खेचरावर किंवा पोर्टरवर लादले जाते तेही कुणीतरी वाहतच असते. टांझानियातल्या किलिमांजारोवर पोर्टरच्या ओझ्याला 20 किलोंची मर्यादा आहे, कारण विरळ हवा आणि थंडी पोर्टरलाही सोडत नाही. डोंगरात जन्मला म्हणून त्याला हिमदंश होत नाही, हा समज सोयीचा आहे, खरा नाही. त्याच्याकडे बूट, जॅकेट आणि रात्रीचे पांघरूण आहे का, हा प्रश्न नोंदणी करतानाच आयोजकांना विचारला पाहिजे.

दुसरा आक्षेप खर्चाचा असतो आणि तो रास्त आहे. सगळी यादी विकत घ्यायची तर ट्रेकच्या शुल्काहून अधिक पैसे जातात. पण महागडी जॅकेटे, गेटर आणि काठ्या भाड्याने मिळतात. छोट्या पिशवीतल्या जीवरक्षक वस्तू तुलनेने स्वस्त असतात. पोंचो, कानटोपी, पायमोजे, शिट्टी, प्लास्टिकची पिशवी यांना मिळून एका चांगल्या जॅकेटएवढेही पैसे लागत नाहीत. वरची छानशी वस्तू घेण्याआधी या घेतल्या, तर खिशालाही परवडते.

खरी उणीव व्यवस्थेत आहे. आयोजक वैद्यकीय प्रमाणपत्र मागतात, काही जण पाच किलोमीटर धावण्याची वेळही विचारतात. मग बेस कॅम्पवर प्रत्येकाची छोटी पिशवी उघडून पाहणे सक्तीचे का असू नये? वीस जणांच्या तुकडीला अर्धा-पाऊण तास लागेल. ज्याच्याकडे पावसाचे आवरण किंवा उबदार थर नाही, त्याला तिथेच भाड्याने घ्यायला लावावे आणि तोही नाही म्हणाला तर पुढे जाऊ देऊ नये. खिंडीच्या दिवशी आणि लांब चालीच्या दिवशी हीच तपासणी पुन्हा व्हावी. वादळात एक मार्गदर्शक वीस जणांना कपडे चढवू शकत नाही. ते काम आदल्या दिवशी, निवांत असतानाच करायचे असते. ‘पैसे भरले आहेत, मला अडवणारे तुम्ही कोण’ असे म्हणणाऱ्या ग्राहकानेही हे समजून घ्यावे की, भिजून कोसळलेल्या एका माणसासाठी सगळी तुकडी थंडीत थांबते. वैयक्तिक सामान हा म्हणूनच पूर्णपणे वैयक्तिक मामला राहत नाही.

सामानासोबत आणखी एक गोष्ट न्यायला हवी, ती म्हणजे एक मोकळा दिवस. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी विश्रांतीचा दिवस ठेवावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. पण परतीचे तिकीट ट्रेक संपतो त्याच रात्रीचे आणि सोमवारी कार्यालयात हजेरी, असा बेत असला की डोकेदुखी लपवली जाते आणि काळे ढग दिसत असतानाही खिंड गाठली जाते. एक दिवस हाताशी असला तर थांबणे आणि परत फिरणे सोपे होते.

तयारीची तालीम घराजवळच होऊ शकते. निघण्याच्या पंधरा दिवस आधी पूर्ण भरलेली छोटी पिशवी घेऊन सिंहगड किंवा कळसूबाई चढावी. वर पोहोचल्यावर जाड हातमोजे घालून, आत न बघता पोंचो काढून अंगावर चढवता येतो का ते पाहावे. आणि यादीतल्या वस्तूंपुढे बरोबरची खूण करण्याऐवजी प्रत्येकीपुढे ‘खेचर’ किंवा ‘पाठ’ यांपैकी एक शब्द लिहावा. ज्या वस्तूपुढे काय लिहावे असा प्रश्न पडेल, तिची गरज दुपारच्या गारपिटीत लागेल का, एवढेच स्वतःला विचारावे. लागणार असेल, तर ती पाठीवर घ्यावी.